साइक्स साहेबाची शेंगटी

आमच्या भाचीचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर जाऊन आला आणि दिवाळीत मालवणला आला तो तिथली एक गोष्ट घेऊनच. कोकणकड्याखालची दरी धुक्यानं भरलेली असावी, सूर्य पाठीशी खाली असावा, म्हणजे समोरच्या धुक्यात रंगांचं पूर्ण गोल कडं दिसतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली उभी असते. याला इंद्रवज्र म्हणतात आणि १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजानं ते तिथून पाहिलं, असं त्यानं सांगितलं. त्याला स्वतःला मात्र धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. हे वर्ष तुम्हीही ऐकलं असेल. गडाची माहिती देणारा जो तो ते सांगतो.

मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. चेकवरची तारीख आधी आणि रक्कम नंतर पाहायची, ही सवय निवृत्त झाल्यावरही जात नाही. हा साइक्स कोण म्हणून शोधायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की तारखेचा मेळ बसत नाही. १८३५ साली साहेब हिंदुस्थानात नव्हताच. १८३१ मध्ये तो रजेवर विलायतेला गेला, १८३३ मध्ये लष्करातून निवृत्त झाला. १८३५ हे वर्ष आहे त्याचा दख्खनच्या हवामानावरचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला त्याचं. त्या प्रबंधात हरिश्चंद्रगडावरच्या गोल इंद्रधनुष्याची हकिकत आहे. छापल्याची तारीख पाहिल्याची तारीख होऊन बसली. कोणाचं काही बिघडलं नाही, पण खात्यात एक चूक सापडली की मागची सगळी पानं उलटावी लागतात, तसं माझं झालं. इंद्रवज्राबद्दल आणखी एक गोष्ट त्या नादात कळली. कड्यावर दहा माणसं शेजारी शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजाऱ्याची सावली दिसली तर दिसते, पण तिच्याभोवती रंग नसतात.

विल्यम हेन्री साइक्स १७९० साली यॉर्कशरमध्ये जन्मला आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. आपल्याकडे त्या वयात पोराला एकट्यानं सावंतवाडीला पाठवायचं तर घरात चार वेळा चर्चा होते. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला बापू गोखल्यांच्या फौजेसमोर कंपनीची जी फौज उभी राहिली, तिच्यातल्या देशी शिपायांच्या तुकडीवर हा सत्तावीस वर्षांचा अधिकारी होता. खडकीची लढाई आपण शाळेत शिकलो ती पेशवाईची अखेर म्हणून. ज्या माणसानं नंतर आपल्या नद्यांतले मासे आणि माळावरची पाखरं एकेक करून लिहून काढली, तो त्या दिवशी पलीकडच्या बाजूला बंदूकधारी शिपायांचा अधिकारी होता. हे विसरून त्याच्याबद्दल लिहिता येत नाही आणि एवढंच धरून बसलं तर पुढचं काही दिसत नाही.

१८२० मध्ये तो युरोपात गेला, चार वर्षं फिरला, लग्न केलं आणि १८२४ च्या ऑक्टोबरात मुंबईला परत आला. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांना तेव्हा एका माणसाची गरज होती. नवं राज्य हाती आलं होतं, पण त्यात काय काय आहे याची मोजदाद कोणाजवळ नव्हती. त्यांनी साइक्सला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या मुलखांत हिंडायचं, गावं मोजायची, माणसं मोजायची, जमिनीचे हक्क, पिकं, मजुरीचे दर, बाजारभाव, सगळं टिपून काढायचं, असं ते काम होतं.

त्यानं ते कसं केलं असेल, हे मी कर्जाची तपासणी करत गावोगाव फिरलेला माणूस कल्पनेनं पाहू शकतो. चावडीवर बसायचं. पाटील एक सांगणार, कुलकर्णी दुसरं सांगणार, दप्तर तिसरंच सांगणार. मिरासदार कोण, उपरी कोण, बलुत्याचा वाटा किती, हे सगळं विचारताना विचारणाऱ्याच्या हेतूबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका असणारच, कारण साहेब आला की पाठोपाठ सारा वाढतो. तरीही जमीनधारणेवरचं त्याचं लिखाण आजही अभ्यासकांना उघडून पाहावं लागतं. शिवाय मुक्काम पडेल तिथं तो वायुभारमापक टांगायचा. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चार-पाचला कमी, हे त्यानं वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं. या चढउताराला त्यानं हवेची भरती-ओहोटी म्हटलं. आमच्याकडच्या माणसाला हे लगेच समजेल. समुद्रापासून शंभर कोसांवर, दख्खनच्या माळावर, तंबूच्या खांबाला टांगलेल्या पाऱ्यातही दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होत्या.

डिसेंबर १८२९ मध्ये काटकसरीपायी सरकारनं ते पदच बंद केलं. साहेबानं काम बंद केलं नाही. जानेवारी १८३१ पर्यंत वर्षभर त्या कामाचा मोबदला न घेता तो हिंडत, मोजत राहिला आणि मगच कागद बांधून निघाला. बँकेत शाखा बंद झाल्यावर रजिस्टरं पुरी करत बसलेला एकच माणूस मी पाहिला, आणि त्याला आम्ही सगळे हसायचो.

आता लंडनची बाजू. तिथं १८२६ मध्ये एक प्राणिशास्त्र संस्था, झूऑलॉजिकल सोसायटी, निघाली. पुढाकार होता सिंगापूर वसवणाऱ्या सर स्टॅमफर्ड रॅफल्सचा. संस्था निघाली आणि काही महिन्यांतच तो वारला. त्याची बाग त्यानं पाहिली नाही. रीजंट्स पार्कमधली ती बाग १८२८ मध्ये सभासदांसाठी उघडली. पुढं लंडनच्या बुरुजातला राजाचा जुना पशुसंग्रहही तिकडेच आला. सर्वसामान्यांना पैसे भरून आत जायला मिळू लागलं ते १८४७ पासून, तेही संस्थेला पैशांची चणचण भासू लागली तेव्हा. आज आपण ज्याला सहज झू म्हणतो तो शब्द याच बागेच्या लांबलचक नावाचं लोकांनी केलेलं लघुरूप आहे, आणि १८६० च्या दशकातल्या एका नाटकगृही गाण्यानं तो सर्वांच्या तोंडी बसवला. क्वागा नावाचा अर्धवट पट्ट्यांचा झेब्र्यासारखा प्राणी जगातून नाहीसा झाला. जिवंत क्वागाची जी छायाचित्रं आहेत ती याच बागेतल्या एका मादीची. काचेच्या टाक्यांत मासे ठेवून ते लोकांना दाखवणारं पहिलं सार्वजनिक मत्स्यालयही इथंच, १८५३ सालचं.

मुलगी लंडनला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा मी ही बाग पाहिली. प्राण्यांबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. पिंजऱ्यातलं जनावर पाहून मला आनंद होत नाही, राणीच्या बागेतही होत नसे. मला ओढ लागली ती संस्थेच्या दप्तराची. १८२८ पासून तिथं रोजची वही लिहिली गेली. आज कोणता प्राणी आला, कोणता गेला, काय जन्मलं, काय मेलं, हवा कशी होती, पाहायला माणसं किती आली. ही वही म्हणजे आमचं डे-बुकच. फरक एवढाच की आमच्या जमेच्या बाजूला कधी जिराफ आला नाही. संस्थेच्या सभांची इतिवृत्तंही १८३० पासून छापली जात होती. ती मात्र मी मालवणच्या घरी बसून, संगणकावर, रात्री जेवणं आटोपल्यावर वाचली. बायकोचं म्हणणं असं की निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात.

त्या इतिवृत्तांत १८३१ मध्ये साइक्स दिसतो. दख्खनमधून आणलेली कातडी आणि नमुने सभेपुढं मांडून तो सस्तन प्राण्यांची यादी वाचतो. यादीत आपला कोळसुंदा आहे. वाघालाही वाट सोडायला लावणारा तांबडा रानकुत्रा म्हणून आंबोली-तिळारीकडची माणसं ज्याच्याबद्दल सांगतात, तोच. साइक्सनं त्याला नाव दिलं दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. त्या काळी इंग्रज दख्खन हा शब्द असा दुखुन लिहीत. लहान खोकडाला त्यानं नाव दिलं कोकरी. खोकड हा शब्द साहेबाच्या कानातून कागदावर असा उतरला.

यातलं एक नाव अर्धं टिकलं आणि एक बुडालं. शास्त्रीय नावांचा कायदा बँकेच्या गहाणखतासारखा आहे, पहिला बोजा ज्याचा त्याचा हक्क. खोकडाला १८०० सालीच बंगालवरून नाव मिळालेलं होतं, म्हणून कोकरी रद्द झालं. कोळसुंद्याला १८११ मध्ये रशियाच्या बाजूनं नाव मिळालेलं होतं, म्हणून दुखुनेन्सिस मागं सरकून पोटजातीचं नाव झालं आणि तसं ते आजही चालतं.

पुढच्या वर्षी, १८३२ मध्ये, पक्ष्यांची यादी आली. त्यातले छप्पन्न पक्षी शास्त्राला नवे होते. नवे म्हणजे शास्त्राला. आपल्याला नव्हेत. उदाहरण सांगतो. भाताच्या मळ्यात, पाणंदीच्या कडेला, मान आखडून बसलेली ढोकरी तुम्ही हजार वेळा पाहिली आहे. ती उडाली की पांढरी शुभ्र होते आणि बसली की पुन्हा मातीच्या रंगाची. हा एवढा सामान्य बगळा १८३२ पर्यंत युरोपच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. साइक्सनं तो नोंदवला आणि लंडनच्या ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. हिवाळ्यात अंगणात शेपटी हलवत फिरणारा पांढरा परीट येतो, त्याच्या एका पोटजातीचं नावही साइक्सनं दिलेलं आहे, पुन्हा दुखुनेन्सिसच. एका चंडोलाला त्यानं देवाचं नाव दिलं आणि एका इवल्याशा वटवट्याला रामाचं. त्या पाखराला आजही शास्त्रात रामा म्हणतात.

हे सगळं बंदुकीनं झालं, हे सांगितलं पाहिजे. पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, पोट फाडून आत काय सापडलं ते लिहायचं, नाकतोडे की दाणे की मासे. दुर्बिणीनं पक्षी पाहणं पुष्कळ नंतरचं. पोटात काय होतं ते लिहिल्यामुळं त्याची यादी नुसती पिसांची यादी राहिली नाही, हेही खरं.

आता माशांकडे येतो, कारण हा लेख लिहायला बसलो तो माशांमुळं. विलायतेला जाऊन सात वर्षं झाल्यावर, १८३८ मध्ये, साइक्सनं दख्खनच्या माशांवरचा निबंध याच संस्थेपुढं वाचला. तो १८३९ मध्ये छापून आला आणि पुढं चित्रांसह मोठ्या आकारात. बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठं सापडत नाहीत. चित्रं, वर्णनं आणि नावं राहिली.

ती नावं वाचताना मी रात्री अकरा वाजता एकटाच मोठ्यानं हसलो. रोमन लिपीतली, लॅटिन शेपट्या लावायचे कष्टही न घेतलेली मराठी नावं एकामागून एक येत होती. मुल्ल्या. म्हणजे आपला मळ्या. मी कुडाळकडच्या गावात, नदीकाठी वाढलो. पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला आम्ही पोरं ओहोळात उतरायचो तेव्हा दगडाला पोट चिकटवून बसलेले मळये हातानं ओढून काढायचो. नुक्ता. हा नकटा. या माशाचं तोंड नाकाशी असं काही दुभंगलेलं असतं की याहून वेगळं नाव कोणी ठेवूच शकणार नाही. आज तो संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. कोलुस, टाकरी, इचकी. मुळा-मुठेतला, साहेबाच्या लेखी मोटा मोलातला, खुद्री. आणि सींगटी. मराठीत मिशांच्या, काट्यानं हात फोडणाऱ्या त्या माशाला शिंगटी म्हणा, शिंगाळा म्हणा, आमच्या बंदरावर समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदाला शेंगटी म्हणतात. तुम्ही मासळी बाजारात जाऊन आजही त्या नावानं मागा, टोपलीत पडेल. तेच नाव १८३९ पासून जगातल्या सगळ्या प्राणिशास्त्रज्ञांना लिहावं लागतं, कारण पहिला बोजा त्याचा आहे.

आणि याच निबंधात दुसऱ्या तऱ्हेची नावंही आहेत. एक मासा ओगिल्बीच्या नावाचा, एक व्हिगर्सच्या नावाचा, एक यॅरेलच्या. व्हिगर्स हा संस्थेचा पहिला चिटणीस, ओगिल्बी नंतरचा. भीमेचं पाणी ज्यांच्या पायाला कधी लागलं नाही ती ही माणसं. एका पानावर लंडनचे चिटणीस आणि भीमाकाठचे नकटे-मळये अशी ही पंगत बसली आहे.

मला आधी यातली गंमतच दिसली. दुसऱ्या दिवशी ती यादी पुन्हा काढली तेव्हा मात्र एक रिकामी जागा दिसायला लागली. सींगटी हे नाव साहेबाला कोणी सांगितलं? तो मासा त्यानं स्वतः गळाला लावला असेल असं मानलं तरी त्याचं नाव काही मासा सांगत नाही. कोणी भोई असेल. नदीकाठी उभा राहिलेला, जाळं खांद्यावर, ओल्या अंगानं थंडीत कुडकुडणारा. साहेबानं बोट दाखवलं, त्यानं नाव सांगितलं. त्याचा शब्द यादीत आला, चिटणिसाचं नाव यादीत आलं. भोयाचं नाव नाही. जो साहेब गावची माणसं मोजत होता, हवेचा दाब मोजत होता, पक्ष्याच्या पोटातले नाकतोडे लिहीत होता, त्याला हे एक नाव लिहून ठेवावंसं वाटलं नाही.

इथं मला थांबावं लागलं, कारण हा हिशोब माझ्याकडेही निघतो.

ऐंशीच्या दशकात, सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हा, माझी बदली मालवणला झाली. मच्छीमारांना होड्यांसाठी, जाळ्यांसाठी, इंजिनांसाठी कर्ज द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी नदीवरचा माणूस, समुद्राचा मला गंध नव्हता. अर्जात कोणती जाळी, कोणती मासळी, हंगाम कोणता, हे रकाने भरताना माझी पंचाईत व्हायची. तेव्हा एक म्हातारे रापणकर मला पहाटे किनाऱ्यावर न्यायला लागले. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणू लागलो. रापण ओढून होईपर्यंत ते मला एकेक गोष्ट शिकवायचे. पेडवे कोणते आणि तारली कोणती, कर्लीचे काटे कसे चुकवायचे, मतलई वारा सुटला म्हणजे काय, पाण्याच्या रंगावरून बांगड्याचा थवा कसा ओळखायचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी खिशातल्या कोऱ्या व्हाउचरांच्या पाठीवर लिहून घ्यायचो. शेंगटीचा काटा लागला तर काय करायचं, तेही एका व्हाउचरवर आहे. दोन वर्षांत पत्र्याचा बिस्किटांचा एक डबा भरला.

पुढं मी कादंबरी लिहिली. किनाऱ्यावरची होती, बरी चालली. समीक्षकांनी तिच्या भाषेचं कौतुक केलं, मासळीच्या आणि वाऱ्याच्या शब्दांचं विशेष. मी ते कौतुक घेतलं. पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश होता. त्यात प्रकाशक होते, मुद्रितं तपासणारे होते, माझे दोन साहित्यिक मित्र होते, बँकेतले वरिष्ठही होते, कारण रजा त्यांनी दिली होती. शेवटी दर्यावर्दी बांधवांचे आभार मानले होते. बांधव म्हटलं की सगळे आले, असं मला वाटलं असावं.

तात्या तोपर्यंत गेले होते. त्यांची मुलगी एकदा पैसे काढायला बँकेत आली. ग्रंथालयातून आणून तिनं पुस्तक वाचलं होतं. काउंटरशी उभं राहून, आवाज न चढवता, तिनं एवढंच सांगितलं की बापाशीचे शब्द सगळे आसत, बापूस खंय दिसलो नाय. मी काहीतरी बोललो. आभार मानलेत, शेवटचं वाक्य बघ, असं काहीसं. तिनं मान हलवली, पैसे मोजले आणि गेली. रांगेत मागं माणसं उभी होती.

साइक्स साहेबाला भोयाचं नाव लिहावंसं वाटलं नाही असं मी वर लिहिलं, ते या माहितीसह वाचावं. त्याला निदान दोन मुलखांचं, दोन भाषांचं अंतर होतं. माझं अंतर काउंटरच्या लाकडाएवढं होतं.

साहेबाचं पुढचं आयुष्य मोठं भरगच्च आहे, पण मी ते लवकर आटोपतो. लंडनमध्ये सांख्यिकी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत तो होता आणि पुढं तिचा अध्यक्षही झाला. रॉयल सोसायटीनं त्याला सभासद करून घेतलं. वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्यानं दहा वर्षं काम केलं. १८४० मध्ये तो कंपनीचा संचालक झाला आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. म्हणजे ज्या कंपनीत चौदाव्या वर्षी पोर म्हणून शिरला तिच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर तो बसला, आणि दुसऱ्याच वर्षी उठाव झाला. १८५७ मध्येच अॅबर्डीनहून तो पार्लमेंटात निवडून आला आणि कंपनी बरखास्त करू नये म्हणून तिथं बोलला. कंपनी गेली. तो मात्र १८७२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मरेपर्यंत खासदार होता. त्याचे पक्ष्यांचे नमुने कंपनीच्या संग्रहालयात होते. ते संग्रहालयही मोडलं आणि नमुने ब्रिटिश म्युझियमकडे गेले. प्राणिशास्त्र संस्थेनं स्वतःचं संग्रहालय तर १८५५ मध्येच मोडलं होतं. बाग राहिली, दप्तर राहिलं.

त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयात आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. नावानिशी.

खुद्रीचं पुढं काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. मुळा-मुठेचं काय झालं ते पुणेकरांना मी सांगायला नको. पण लोणावळ्याच्या तळ्यांवर टाटांच्या वीज कंपनीनं गेल्या शतकात या माशाची पैदास सुरू केली, आणि तिथली पिल्लं दूरवरच्या नद्यांत, पार कावेरीतही, सोडली गेली. कावेरीत स्वतःचा एक मोठा, कुबडाचा महसीर होता. पाहुण्या खुद्रीच्या गर्दीत तो मागं पडत गेला. गंमत अशी की त्या कुबड्या माशाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं ते २०१८ मध्ये, तोवर तो जवळजवळ संपत आला होता. नाव नसलेल्याचं नाहीसं होणं कोणाच्या वहीत चढत नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी तो बिस्किटांचा डबा काढला. वाळवी लागली नव्हती, हे नवलच. व्हाउचरांच्या पाठीवर माझं अक्षर आणि पुढच्या बाजूला बँकेच्या शिक्क्याची तारीख, त्यामुळं तात्या कोणत्या दिवशी काय बोलले हे ओळीनं लावता आलं. साइक्सच्या यादीतली माशांची पानं छापून घेतली आणि डबा घेऊन तात्यांच्या मुलीकडे गेलो. ती आता साठीला आली आहे. सुकवलेल्या बांगड्यांवर लक्ष ठेवत पडवीत बसली होती. चहा झाला. तिची नात इंग्रजी शाळेत जाते, तिनं ती नावं वाचायला घेतली. सींगटी आल्यावर दोघी हसल्या. म्हातारीनं विचारलं, ह्या सायबाक सांगल्यान कोणी. मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. पेपरात लेख लिहितोय, त्यात तात्यांचं पुरं नाव घालतो, असं म्हटलं. तिनं नको म्हणून सांगितलं. पेपर दुसऱ्या दिवशी मासळी गुंडाळायला जातो. नाव घालायचं तर पुस्तकात घाल, जिथं शब्द आहेत तिथं. मी सांगितलं की तो प्रकाशक धंदा बंद करून बसला आहे, नवी आवृत्ती कधी निघेल माहीत नाही. ती म्हणाली, निघेल तेव्हा घाल. म्हणून इथं ते नाव नाही.

डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं नातीकडून एकेक कागद वाचून घेतला, संध्याकाळ होईपर्यंत. दोन ठिकाणी माझं चुकलं होतं. तारलीचा एक कागद मी पेडव्याच्या नावानं लिहिला होता आणि एका वाऱ्याचा महिना चुकवला होता. ते दोन्ही नातीनं पेनानं दुरुस्त केले. शेंगटीच्या काट्याचा कागद तिनं वेगळा काढला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि बाकीचा डबा मला परत दिला. कावळे बांगड्यांवर उतरले होते, त्यांना हुसकायला ती उठली.